पंढरपूरला जायचंय? विठोबाला सगळ्यात शेवटी भेटा

पंढरपूरहून कोणी प्रसादाची पुडी घेऊन आमच्या दारात आलं की सासूबाई पुडी हातात घेण्याआधी विचारायच्या, "पुंडलिकाला भेटलात का?" समोरचा जरा घुटमळला की त्या पुडी कपाळाला लावायच्या, चहा पाजून त्याला वाटेला लावायच्या आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायच्या, "देऊळ बघून आलेत नुसतं. पंढरपूर राहिलंच."

मी मिरजेची. पोस्टात काउंटरवर ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. वर्षातून तीन-चारदा गल्लीतल्या बायकांना घेऊन पंढरपूरला जाते. सहाजणींच्या वर नेत नाही. सहाजणी दोन रिक्षांत मावतात आणि चुकल्या तर लवकर सापडतात. दर वेळी कोणी तरी विचारतं, "आम्ही आईला घेऊन जातोय, काय काय बघायचं, कसं करायचं?" फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी क्रम सांगते, कारण लोक तोच उलटा करतात. गाडी लावली, रांगेत उभे राहिले, दर्शन झालं, पेढे घेतले, तीन तासांत परत. वेळ उरलाच तर नदी. खरी रीत याच्या उलट आहे: आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, मग नामदेवांची पायरी आणि चोखोबा, मग विठोबा, मग रखुमाई. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, देव दाराशी आला तर त्याने मागे वळूनही न बघता वीट फेकली आणि थांबायला सांगितलं. त्या विटेवर जो अठ्ठावीस युगं थांबलाय तो तुमच्यासाठी आणखी दोन तास थांबेल. घाई त्याला नाही, आपल्या ड्रायव्हरला असते.

कधी जायचं? एकादशीला नको. वारकरी मंडळी माझ्यावर रागावतील, पण ज्यांच्या घरात महिन्याची वारी आहे त्यांना माझ्या सल्ल्याची गरजच नाही. सत्तरीच्या आईला घेऊन निघालेल्या माणसाने शुद्ध-वद्य दोन्ही एकादश्या आणि त्यांच्या मागची दशमी, पुढची बारस यांवर कॅलेंडरात काट मारावी. शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्याही काढून टाका. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी या चार वाऱ्यांच्या आगेमागे आठेक दिवस सोडा. अधिक मास असेल तर तो सगळाच महिना सोडा. एवढं सोडून उरलेला एखादा मंगळवार-बुधवार आपला.

आषाढीला जायचंच असेल तर ते वेगळं प्रकरण. दर्शनाची रांग गोपाळपूरला रांगेसाठी उभारलेल्या पत्राशेडपर्यंत जाते आणि तिचा हिशेब तासांत नाही, रात्रींत करायचा असतो. त्या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवतात, म्हणजे देव झोपतच नाही, दिवसरात्र दर्शन चालू. यात्रा उलगडली की प्रक्षाळपूजा होते आणि मग देवाला परत अंथरूण मिळतं. मला स्वतःला मार्गशीर्ष आवडतो. थंडी असते, नदीत पाणी असतं पण पूर नसतो, आणि त्या महिन्यात देव देवळात नाही, विष्णुपदावर राहायला असतो असं मानतात. त्याबद्दल पुढे सांगते.

निघण्याआधी एक गोष्ट मात्र करा: दर्शन कसं चालू आहे याची चौकशी. २०२४ च्या एप्रिलमध्ये मी पाचजणींना घेऊन थाटात गेले आणि कळलं, देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम चालू आहे, १५ मार्चपासून पायांवर डोकं ठेवायचं बंद, लांबूनच मुखदर्शन. ते २ जूनला पुन्हा सुरू झालं. एक वहिनी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून आल्या होत्या, त्या परतीच्या गाडीत सांगोला येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं, वर्तमानपत्रात आलेलं मी वाचलं नव्हतं.

आम्ही मिरजेहून रेल्वेने जातो. हीच लाइन पुढे कुर्डुवाडीला जाते. माझ्या लहानपणी हिच्यावर छोटी गाडी होती, अडीच फुटी रुळांची, बार्शी लाइटची. खिडकीतून हात काढला तर बाभळी ओरबाडायच्या. आता रूळ मोठे झाले, गाडीही धावते. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी कुर्डुवाडीला उतरावं, तिथून पन्नासेक किलोमीटर राहतं, एसटी मिळते. सोलापूरहून सत्तरेक. स्वतःची गाडी असेल तर ती लांबच लावा आणि विसरून जा. देवळाभोवतालच्या बोळांत गाडी घालणं म्हणजे स्वतःची फजिती आणि म्हातारी माणसं मागे बसलेली असली तर त्यांचीही.

एक मुक्काम हवाच. मंदिर समितीचं भक्तनिवास आहे, शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं निवासस्थान आहे. दोन्हीकडे स्वच्छता चांगली, पण गर्दीच्या दिवसांत खोली मिळेलच असं धरून चालू नका. खाजगी लॉजवर उतरायचं तर आधी खोली डोळ्यांनी बघा. "खिडकीतून चंद्रभागा दिसते" असं फोनवर सांगून एकाने मला जी खोली दिली तिची खिडकी शेजारच्या पाण्याच्या टाकीवर उघडत होती. टाकी गळत होती, त्यामुळे पाणी दिसत होतं हे खरंच.

आता नदी. ही भीमाच, पण पंढरपूरपाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून इथे तिचं नाव चंद्रभागा. पहाटे उजाडता उजाडता महाद्वार घाटावर जा. पात्रात किती पाणी असेल ते वरच्या उजनी धरणातून किती सोडलंय यावर असतं. उन्हाळ्यात वाळूच जास्त आणि मधून एखादी धार, श्रावण-भाद्रपदात सोडलं तर घाटाच्या पायऱ्या चढून वर. पाणी शांत दिसलं म्हणून पुढे जाऊ नका. वाळू उपसून पात्रात खड्डे झालेले आहेत, गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की गळ्यापर्यंत. यात माणसं गेली आहेत. पोहता येणाऱ्यांनीही शहाणपणा दाखवू नये. माझ्याबरोबर येणाऱ्या बायकांना मी सांगते: घोटाभर पाण्यात उभं राहायचं, ओंजळ भरून डोक्यावर घ्यायची, झालं स्नान. पाण्याचा रंग बघून कोणाला नकोसं वाटलं तर डोळ्यांना नुसतं बोट लावा, तेही चालतं. पण निर्माल्य, जुने कपडे, दिव्याचे द्रोण पाण्यात सोडून येऊ नका. नदीला आई म्हणायचं आणि तिच्याच अंगावर केर टाकायचा, हे कुठलं शास्त्र?

पुंडलिकाचं देऊळ नदीच्या पात्रातच आहे. वाळवंटातून चालत जायचं. पंढरपुरात वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू, राजस्थान नव्हे, हे मी मुंबईच्या भाच्याला दोनदा समजावलंय. आजूबाजूला लहान देवळं, समाध्या, सकाळी तिथे भजनाला बसलेली माणसं. इथे रांग नसते, ढकलाढकली नसते. हवा तेवढा वेळ बसा. पूर आला की हे देऊळ पाण्याखाली जातं. अशा वेळी घाटावरूनच हात जोडायचे, कळसाचा तुकडा दिसला तरी पुष्कळ. माझी सवय अशी की इथे बसून प्रत्येकीने आपापल्या आईवडिलांचं नाव घ्यायचं. कुठल्या पोथीत सांगितलेलं नाही, सासूबाईंनी सुरू केलेलं आहे.

घाट चढून वर आलं की महाद्वाराचा रस्ता. दोन्ही बाजूंना बुक्का, कुंकू, माळा, टाळ, देवांचे फोटो. आत्ता काही घेऊ नका, ते ओझं पुढे रांगेत तुमच्याच हातात राहतं. देवळाच्या पूर्व दरवाजाची पहिली पायरी ती नामदेव पायरी. पितळेने मढवलेली आहे. संतांच्या आणि भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी १३५० मध्ये घरच्या माणसांसह इथे समाधी घेतली अशी परंपरा आहे. म्हणून तिच्यावर पाय द्यायचा नाही, हात लावायचा आणि ओलांडायचं. मुलांना आधी सांगून ठेवा, ती पळत सुटतात. पायांवर डोकं ठेवायची रांग इथून आत जात नाही, दर्शन मंडपाकडून जाते. त्यामुळे जे सरळ रांगेला लागतात त्यांची नामदेवांशी गाठच पडत नाही. आणि ज्याला आधी भेटायचं तोच राहून जातो.

पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी. पुष्कळजण पाठ करून तिथेच सेल्फी काढतात. चोखोबा मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या असं सांगतात. समाधी देवळाच्या समोर आहे, आत नाही, कारण जिवंतपणी त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं. ते दार त्यांच्या जातभाईंना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजी १ मे रोजी इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, १० मे रोजी ते सुटलं आणि देऊळ सगळ्यांना खुलं झालं. माझे वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. म्हणजे ही काही फार जुनी गोष्ट नाही. आमच्या सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, पण चोखोबाच्या समाधीला टेकल्याशिवाय रांगेकडे वळायच्या नाहीत.

चुकामुकीची जागा म्हणूनही मी हीच ठरवते. मोबाईल देवळात नेता येत नाही, तो लॉकरमध्ये जातो, आणि मोबाईल नसला की आजकाल माणसं लहान पोरांसारखी हरवतात. म्हणून आत शिरण्याआधी सगळ्यांना सांगायचं: कोणी मागे-पुढे झालं तर शोधत फिरायचं नाही, सरळ चोखोबापाशी येऊन बसायचं. म्हाताऱ्या माणसाच्या कनवटीला एका चिठ्ठीवर नाव आणि घरच्यांचे दोन नंबर लिहून ठेवा. हे पोस्टातलं शहाणपण: पत्ता नसलेलं टपाल पोचत नाही.

रांगा दोन. एक पदस्पर्शाची, म्हणजे गाभाऱ्यात जाऊन पायांवर डोकं ठेवायची. दुसरी मुखदर्शनाची, म्हणजे थोड्या अंतरावरून बघून पुढे सरकायचं. मुखदर्शन लवकर उरकतं. गुडघे धरलेले, दम लागणारे, लहान बाळ घेतलेले यांनी मुखदर्शनाला कमी समजू नये. बरोबर कोणी चालता न येणारं असेल तर दर्शन मंडपाच्या दारातल्या कर्मचाऱ्यालाच विचारा, काय सोय आहे ते तो सांगतो. बाहेर रस्त्यावर "लवकर दर्शन करून देतो" म्हणणाऱ्याला विचारू नका. एकदा नणंदबाईंच्या पायाला लागलं होतं म्हणून मी एका गृहस्थाला तीनशे रुपये दिले. त्याने आम्हाला एका बोळातून नेलं, एका दाराशी उभं केलं, "आलोच" म्हणाला. ते दार कोणाच्या तरी घराचं होतं. आतून बाई धुणं घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज तुम्ही तिसऱ्या."

देणगी द्यायची तर समितीच्या काउंटरवर द्या आणि पावती घ्या. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले, तेव्हापासून सगळा कारभार समितीकडे आहे. त्याच वर्षी सगळ्या जातींतले पुजारी नेमायचं ठरलं, त्यांत बायकाही. सासूबाईंना ते बघायला मिळालं नाही.

रांगेत काय न्यायचं: पाण्याची लहान बाटली, चालू असलेल्या गोळ्या, खडीसाखर, हातरुमाल. साखरेचा त्रास असलेल्यांनी जाण्याआधी पोटात काही तरी घालाच, उपाशीपोटी दर्शन घ्यायचा हट्ट नको. चपला स्वतःच्या पिशवीत घालून ठेवायला द्या, नाही तर येताना दुसऱ्याच्या मिळतात. लघवीला जाऊन घ्या. हे लिहायला बरं वाटत नाही, पण कुठल्याही माहितीपुस्तिकेत हे नसतं आणि रांगेत सगळ्यात जास्त हाल याचेच होतात.

वेळेचं गणित असं. देऊळ पहाटे चारच्या सुमारास उघडतं, काकडा आणि नित्यपूजा होते. दुपारच्या आधी महानैवेद्य, साडेचारच्या सुमारास पोशाख, तिन्हीसांजेला धूपारती, रात्री उशिरा शेजारती. या प्रत्येक वेळी रांग थोडी थबकते. रांग अडली की लोक कुरकुरतात, पण आत देव जेवतोय किंवा कपडे बदलतोय, आपल्याही घरी पाहुण्याला थांबवतोच की आपण. पोशाखानंतर गेलात तर मुकुट-अलंकार घातलेलं भरजरी रूप दिसतं. मला पोशाखाआधीचं साधं बरं वाटतं.

रांगेत कानडी फार ऐकू येतं. विजापूर, गुलबर्गा, बेळगाव, सगळीकडून माणसं येतात. मिरजेची असल्यामुळे माझं मोडकंतोडकं कानडी तिथे कामाला येतं. एकदा अथणीच्या एका आजीबाईंनी मला रांगेतच शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली, मी त्यांना माझ्याकडची खडीसाखर. तासभर आमचं सुनांबद्दल बोलणं झालं. मराठी-कानडी असूनही दोघींचं तंतोतंत जुळलं.

आत आल्यावर सोळखांबी मंडप. तिथे चांदीने मढवलेला गरुडखांब आहे, त्याला मिठी मारायची रीत आहे. जुने लोक त्याला पुरंदरदासांचा खांबही म्हणतात. जीर्णोद्धारात फरशा आणि संगमरवर काढून मूळ काळा दगड मोकळा केलाय, तो बघा, पूर्वी दिसत नव्हता. मग चौखांबी, मग गाभारा.

इथे माझी एक सूचना ध्यानात ठेवा. पायांपाशी पोचलात की तोंड दिसत नाही, तोंड बघत बसलात की पाय निसटतात, आणि मागून "चला माऊली, चला" सुरू झालेलं असतं. म्हणून चेहरा लांबूनच, चौखांबीतून बघून घ्या. कमरेवर हात, डाव्या हातात शंख, उजव्या हातात कमळाचा देठ, कानांत मोठी कुंडलं, विटेवर जुळवलेले पाय. फोटोत उंच वाटतो, प्रत्यक्षात चार फुटांच्याही आतला. लहान मुलांना त्यामुळे तो आपल्यातला वाटतो. मग जवळ गेल्यावर फक्त पाय. चष्मा आधीच काढून हातात घ्या, गळ्यातलं मंगळसूत्र-माळ पदरात धरा, पदर खोचा. मी पहिल्यांदा चष्म्यासकट वाकले, शेजारच्या मामांचं कोपर लागलं, चष्मा देवाच्या पायाशी आणि मी बाहेर. पुजाऱ्याने तो तुळशीच्या ढिगातून काढून माझ्या हातात दिला. एका काडीला बुक्का लागला होता, तो मी बरेच दिवस पुसला नव्हता. कपाळ हळू टेकवा, घासू नका. शतकानुशतकांच्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी मूर्ती झिजते, म्हणून तिला वज्रलेप, म्हणजे झीज थांबवणारा लेप, करावा लागतो.

मग रखुमाई. तिचं देऊळ मागच्या बाजूला, वेगळं. नवीन लग्न झालेल्या मुली हमखास विचारतात, नवराबायको वेगवेगळे का? राधेवरून रुसून रुक्मिणी द्वारकेतून निघून इथल्या दिंडीरवनात आली, तिला शोधत देव आला, तो मध्येच पुंडलिकाच्या दारात अडकला. म्हणजे आला होता बायकोला मनवायला आणि उभा राहिला भक्ताच्या अंगणात. अजून रुसलेलीच आहे म्हणायला हरकत नाही. इथे गर्दी जरा सैल असते, बायका थांबतात, कुंकू लावतात. ओटी भरायची तर खण-नारळ घेऊन या.

बाहेर पडताना दोन ठिकाणं चुकवू नका. एक चौऱ्यांशीचा शिलालेख, यादवांच्या काळातला, शके ११९५ ते ११९९ मध्ये देवळाला देणग्या दिलेल्या लोकांची नोंद. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणतात. मला त्याचं वेगळंच वाटतं: साडेसातशे वर्षांपूर्वीचं ते देणगीचं रजिस्टर आहे, आणि लोकांनी ते पाठ घासून घासून गुळगुळीत केलंय. दुसरी कान्होपात्रा. मंगळवेढ्याची ही मुलगी, बादशहाकडे जायचं नाही म्हणून इथे विठोबाच्या पायांशी आली आणि तिथेच देह ठेवला. तिचं म्हणून तरटीचं झाड दाखवतात. पाच मिनिटं थांबा.

दुपारी अन्नछत्रात प्रसाद घ्या किंवा कुठेही साधं पिठलं-भाकरी खा, आणि झोपा. दुसरा डाव संध्याकाळचा नाही, दुसऱ्या सकाळचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लखुबाई, म्हणजे दिंडीरवनातली ती रुसलेली रुक्मिणी. छोटं, शांत देऊळ. तिथून होडीने किंवा रिक्षाने विष्णुपद. होडीचा दर बसण्याआधी ठरवा, आणि होडीत किती माणसं भरलीत ते मोजा. जास्त वाटली तर सरळ उतरून रिक्षा करा. विष्णुपदावर खडकात देवाच्या पावलांच्या आणि गाईंच्या खुरांच्या खुणा दाखवतात. मार्गशीर्षात देवाचा मुक्काम इथे. त्या महिन्यात गावातली माणसं डबे घेऊन इथे वनभोजनाला येतात, आम्हीही बाजरीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि दही नेतो. देव सुट्टीवर आला असेल तर असाच झाडाखाली बसून जेवत असेल.

तिथून थोड्याच अंतरावर टेकाडावर गोपाळपूर. गोपाळकृष्णाचं देऊळ, आणि जनाबाईचं म्हणून दाखवतात ते जातं. माझ्या आईकडे असंच जातं होतं, आता ते बागेत कुंडीखाली आहे. आषाढी पौर्णिमेला सगळ्या पालख्या इथे गोपाळकाल्याला येतात आणि मग परतीला लागतात.

लहान मुलं बरोबर असतील तर कैकाडी महाराजांच्या मठात न्या. सिमेंटच्या मूर्तींतून वळणावळणाची वाट काढलीय, संत, देव, पुढारी सगळे भेटतात आणि मध्येच आपण कुठून आलो ते कळेनासं होतं. मुलांना तेच हवं असतं. ताकपिठ्या विठोबा, काळा मारुती, नदीकाठचे होळकर आणि शिंद्यांचे वाडे हे प्रदक्षिणेच्या वाटेत आणि आसपास पाय चालतील तसे. सगळं बघायलाच हवं असं नाही.

खरेदी सगळ्यात शेवटी. बुक्का हातावर चोळून वास घ्या. टाळ घ्यायचे तर दुकानात जोडी वाजवून बघा, एकमेकांवर हळू टेकवल्यावर नाद लांबत गेला पाहिजे. थाडकन बंद झाला तर ठेवून द्या. तुळशीची माळ विचार करून घ्या. गळ्यात घातली की ते व्रत होतं, मटण-मासे सुटले. देव्हाऱ्यासाठी घेतलीत तर प्रश्न नाही. आमच्या एका काकूंनी हौसेने घातली आणि महिनाभराने मला विचारलं, अंडं चालतं का. मी म्हटलं, मला नका विचारू, ज्याच्यासमोर घातलीत त्याला विचारा.

आणि ज्यांना कुठलीच रांग झेपत नाही त्यांच्यासाठी. सासूबाईंना मी शेवटचं नेलं तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या. घाटापर्यंत रिक्षा, मग आम्ही दोघींनी धरून वाळवंटात. पुंडलिकाला भेटल्या. पायरीला हात लावला. चोखोबापाशी मी प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली, त्या बसल्या, मान वर करून कळसाकडे बघितलं आणि हात जोडले. वारकरीही गर्दीच्या दिवसांत कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरतात, ते दर्शनच धरतात. मी म्हटलं, मुखदर्शनाला गर्दी नाहीये, बघू का? तर म्हणाल्या, "त्याला माहितीय मी आलेय ते. चुरमुरे घे दोन किलो, आणि बत्तासे वेगळे बांधायला सांग, मागच्या वेळी सगळा चुरा झाला होता."